सोमवारचं म्युझियम

हे लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलं असेल तर ते फळीवर, पेन्सिलीने, आणि तेही आकडेच: लांबी, रुंदी, जाडी. कॉलेजचं नाव लावणारा घरातला मी पहिला, आणि माझं कॉलेजही पोस्टाने चालणारं. दिवसा कुवेतमधल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मालाच्या पावत्या लिहायच्या आणि संध्याकाळी बी.ए.ची पुस्तकं उघडायची. अशा माणसाने आठवणी लिहाव्यात का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ही आठवण माझ्या चुकीची आहे, आणि चूक आपली आपण सांगायला हरकत नसावी.

त्याच वर्कशॉपमध्ये माझे बाबा सुतार होते. रत्नागिरीकडच्या गावातून येऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती. अहमदीच्या बंगल्यांमधली कपाटं, दस्मानमधल्या मोठ्या घरांचे कोरीव दरवाजे, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या बाकाच्या वर भिंतीला एक चित्र चिकटवलेलं होतं. व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, बनवणाऱ्या एका कंपनीच्या कॅलेंडरचं पान होतं ते. त्यावर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं लिहायचं टेबल होतं. एक किल्ली फिरवली की त्याच्या दोन्ही बाजू उघडतात आणि आतून चोरकप्पे बाहेर येतात, असं खाली छापलेलं, आणि ते टेबल ठेवलेल्या म्युझियमचं आणि शहराचं नाव. मीच ते त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की बाबा त्या चित्राकडे बघत बसायचे.

त्या वर्षी मालकांनी जर्मनीतल्या एका फर्निचरच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला आणि तो उभा करायला बाबांना सोबत न्यायचं ठरवलं. व्हिसाचे कागद बघताना मी शहराचं नाव वाचलं आणि उठून भिंतीवरच्या चित्राखालचं शहराचं नाव पुन्हा वाचलं. एकच होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते रंधा थांबवून म्हणाले, "बघायला देतात काय?"

"तिकीट काढलं की देतात."

"मग काढ. तू शिकलेला हायस."

एवढंच. पण त्या शब्दांचं ओझं मी पुढचे पंधरा दिवस वाहिलं. मी स्वतः तोवर एकही म्युझियम बघितलेलं नव्हतं.

आम्ही राहायचो त्या रिग्गई भागात, आमच्या बिल्डिंगखाली नेट कॅफे होता. तो चालवणारे चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. म्युझियमच्या पानावर अर्धा मजकूर जर्मन होता, अर्धा इंग्रजी. तिकीट वर्षभरात कधीही चालणारं होतं, पण ते काढायला कार्ड लागत होतं, आणि कार्ड आमच्या आठ जणांच्या खोलीत कुणाकडेच नव्हतं. चाचांनी स्वतःचं काढून दिलं.

"बायकोनं इतक्यांदा मागितलं, तिला दिलं नाय," ते म्हणाले. "तुज्या बाबाच्या टेबलासाठी देतोय. टेबल चांगलं निघायला पायजे हां!"

पण तिकिटाने नुसतं आत जाता येणार होतं. टेबल एरवी बंद ठेवलेलं असतं. ते उघडून दाखवायचे ठरावीक दिवस असतात आणि त्यासाठी आधी नाव द्यावं लागतं, असं पानाच्या तळाला लिहिलं होतं. मी शब्दकोश घेऊन ई-मेल लिहिली. तीनदा खोडली, चौथ्यांदा पाठवली.

दिवस कुठला, हे मालकांनी माझ्यावर सोपवलं होतं. ते म्हणाले होते, "शुक्रवार किंवा सोमवार, एक दिवस तुझ्या वडिलांचा. दुसऱ्या दिवशी स्टॉलचं काम. कुठला ते सांग." मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "सोमवार." शुक्रवारी काय उघडं असतं? दुपारच्या नमाजापर्यंत सगळ्या दुकानांची शटर खाली. आमची सुट्टी तीच, कपडे धुवायचा आणि घरी फोन करायचा दिवसही तोच. मालकांनीही मान डोलावली. आम्हा दोघांचा आठवडा एकच होता.

मग मी योजना लिहून काढली, मराठीत, मोठ्या अक्षरात. हॉटेलातून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळायचं. ट्रामचे थांबे मोजायचे, सातव्यावर उतरायचं. पिशवी दारात ठेवून घेतात, घाबरायचं नाही. शेवटी एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून दिलं: मी सुतार आहे, माझ्याकडे तिकीट आहे, टेबल कुठे आहे?

खोलीतले लोक हसून हसून दमले. "अरे, म्हाताऱ्याला म्युझियमला पाठवतोयस का शाळेत बसवतोयस?"

बुधवारी बाबा गेले, भिंतीवरचं चित्र अलगद सोलून खिशात घेऊन. गुरुवारी संध्याकाळी मी कॅफेत गेलो तर ई-मेलचं उत्तर आलेलं होतं. सरळ, सभ्य इंग्रजीत. सोमवारी म्युझियम बंद असतं. टेबल उघडून दाखवायचा पुढचा दिवस उद्या, शुक्रवारी, दुपारी तीन वाजता. जागा आहे, नाव घालून ठेवलं आहे. त्यानंतरचा दिवस दोन आठवड्यांनी.

कामाचा दिवस मी सुट्टीचा समजलो होतो आणि सुट्टीचा कामाचा. ज्या दिवशी बाबांनी टेबलासमोर उभं राहायचं, त्या दिवशी मीच त्यांना स्टॉलच्या खिळ्यांना जुंपून ठेवलं होतं.

चाचांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "शाण्या, आता रडू नको. त्यांच्याकडं अजून जेवणाची वेळ पण झाली नसेल. लाव फोन."

हॉटेलच्या माणसाला मी बाबांचं नाव दोनदा सांगितलं. बाबा लाईनवर आले ते ओरडतच. परदेशात फोनवर मोठ्याने बोलावं लागतं अशी त्यांची समजूत होती.

"बाबा, माझी चूक झाली. सोमवारी ते बंद असतं. उद्या जायला हवं. तीन वाजता."

"उद्या? शुक्रवारी?"

"तिथे शुक्रवार म्हणजे कामाचाच दिवस असतो."

"उद्या स्टॉल हाय."

"माहीत आहे. मी मालकांना फोन करतो. चूक माझी आहे, मी सांगतो."

अठरा वर्षांत बाबांनी मालकांकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. घरी जायची सुट्टीसुद्धा सुपरवायझर ठरवेल तेव्हा घ्यायचे. मालकांना ते इथल्या रीतीने 'मुदीर', म्हणजे साहेब, म्हणायचे आणि त्यांच्यासमोर फक्त लाकडाबद्दल बोलायचे.

"तू नको," बाबा म्हणाले. "टेबल मला बघायचाय. मी विचारतंय." आणि फोन ठेवला.

शुक्रवार मी कसा काढला ते सांगता येणार नाही. कपडे धुतले, तेच पुन्हा पिळले. इतिहासाच्या पुस्तकाचं एक पान दुपारभर उघडं होतं. कुवेतमध्ये चार वाजले, पाच वाजले. तिकडे तीन वाजून गेले असणार. कॅफे उघडल्यावर खाली जाऊन बसलो. फोन आला नाही. बाबांनी विचारलंच नसेल, किंवा विचारलं असेल आणि मालकांनी नुसतं घड्याळ बघितलं असेल. हेच दोन विचार आळीपाळीने येत होते. मालक नाही म्हणाले असते तर ते बाबांनी मला कधी कळूसुद्धा दिलं नसतं.

शनिवारी वर्कशॉपमध्ये पावत्यांवर दोनदा चुकीचा माल लिहिला. संध्याकाळी कॅफेत पाय ठेवतो तोच चाचांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला. "घे. कधीचा ओरडतोय तुझा बाबा."

"व्हॅन आली काय बिजागऱ्यांची?" बाबांनी विचारलं.

"आली. बाबा, काल..."

"मोजून घेतल्या?"

"घेतल्या."

"इथं थंडी हाय. मालकानं मला त्याचा कोट दिलाय, गुडघ्यापर्यंत येतो. जेवलास?"

"जेवलो," मी खोटं बोललो. "बाबा, तुम्ही विचारलंत का?"

"विचारलं ना. सकाळीच. म्हटलं, मुदीर, मला तीन वाजता टेबल बघायला जायचाय, स्टॉल मी रात्री जागून करीन. तो म्हणाला, कसलं टेबल? मी त्याला चित्र दाखवलं. तो बघत बसला. मग म्हणाला, चल, मी पण येतो."

चाचा खुर्चीतून अर्धे उठून ऐकत होते.

"मग?"

"मग काय. आत सगळे गोरे, सुटाबुटातले. मी मागं उभा. मालकानं तिथल्या माणसाला इंग्लिशमधी सांगितलं, हा माझा सुतार हाय, ह्याला पुढं घ्या. त्या माणसानं माझे हात बघितले आणि मला टेबलाच्या अगदी समोर उभं केलं. मग किल्ली फिरवली." आयुष्यात पहिल्यांदाच बाबा फोनवर हळू बोलत होते. "सगळं झाल्यावर, लोक गेल्यावर, त्या माणसानं दार लावून घेतलं आणि माझ्यासाठी ते पुन्हा उघडलं रे. दुसऱ्यांदा."