पिंपरीच्या माळाची मोजणी

मी मोजणीदार म्हणून नोकरीला लागलो तेव्हा पिंपरीच्या आसपास कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली होती. एका माघ महिन्यात मला तिथला एक मोठा माळ मोजायला पाठवलं. साखळी टाकून दोन दिवसांत काम उरकलं आणि नकाशाच्या कागदावर मी लिहिलं, ‘पडीक’.

जवळच एक बाई गवत कापत होती. तिनं विचारलं, “काय लिवलं, साहेब?”

“पडीक. म्हणजे काही न पिकणारी जमीन.”

“पडीक न्हाई, कुरण हाय ह्ये. निम्म्या गावाची जनावरं ह्याच्यावर जगत्यात. या, दावते.”

तिनं एका जागी गवत बाजूला करून विळ्यानं माती उकरली. पावसाळा संपून तीन-चार महिने झाले होते, तरी आतली माती ओली होती. “ह्ये गवत पाणी धरून ठिवतं,” ती म्हणाली, “म्हून खालचा वढा शिमग्यापातूर वाहतो. पुढं पवनेला मिळतो.”

ओढ्याचं पाणी मी ओंजळीनं प्यालो. मग नकाशावरचा शब्द खोडून ‘कुरण’ लिहिलं, शेजारी ओढ्याची नोंदही केली.

कचेरीत वरिष्ठांनी कागद परत दिला. “जमीन जायचीच आहे. उगाच घोळ कशाला? पडीक लिहा.”

मी एकदाच म्हणालो, “पण तिथं ओढा वाहतोय.” त्यांनी कोरा नकाशा पुढं सरकवला. नोकरी नवी होती. मी त्यावर पडीक लिहिलं, सही केली.

दोन वर्षांनी रस्त्याच्या कामासाठी पुन्हा तिथं गेलो. माळ खरवडून सपाट केला होता. पौषातच ओढा कोरडा होता आणि काठ ढासळून त्याचं पात्र रुंदावलं होतं. मुरमाची घमेली वाहणाऱ्या बायकांत ती दिसली. तिनंच मला ओळखलं.

मला राहवलं नाही. “मावशी, कुरण लिहिलं होतं. नंतर मीच बदललं.”

ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, “लिवलं असतं तर कंपनी थांबली असती व्हय?”

“नसती.”

“मंग? म्हशी इकल्या आमी. आता हितं रोज काम तरी हाय.” तिनं रस्त्याच्या भरावाकडं बोट केलं. “पर वढा बुजवाया लागल्यात. पाऊस आल्यावर पाणी कुठनं जाईल? तेवढं तरी सांगा.”

मी तसाच रस्त्याच्या इंजिनिअरकडं गेलो. तो म्हणाला, “नकाशात ओढा कुठाय?” नकाशावर सही माझीच होती. मी म्हणालो, “नकाशा चुकलाय. मी चुकवलाय. चला, दाखवतो.”

तो कुरकुरत आला. तासभर आम्ही ओढ्याच्या पात्रातून चाललो. शेवटी त्यानं रस्त्याखाली एक मोरी ठेवायचं कबूल केलं.

मोरी झाली, पण अरुंद झाली. पुढच्या श्रावणात पाणी रस्त्यावरून गेलं आणि खालच्या दोन शेतांत मुरूम पसरला. तेव्हा कुठं ती रुंद केली, असं कळलं. तोवर माझी बदली झाली होती आणि ती बाईही दुसऱ्या कामावर गेली होती.