दादाचं इंग्रजी

मला तीन तास एका जागी बसवत नाही. कीर्तनाला गेले तरी चपला जागेवर आहेत का ते बघायला मी मधेच उठते. म्हणून लेकीनं मल्टिप्लेक्समध्ये मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि एका बाजूला स्वतः बसून दुसऱ्या बाजूला मैत्रिणी ठेवल्या. सगळ्यांच्या अंगात एकच काळा टीशर्ट, छातीवर पितळेची घंटा छापलेली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ही घंटा वाजली की कुणीतरी मरतं.

"हे चुकीचं छापलंय," मी म्हणाले. "घंटा त्याच्या बहिणीसाठी असते."

"कुणाच्या बहिणीसाठी?" लेकीनं विचारलं, पण तेवढ्यात अंधार झाला आणि पोरं शिट्ट्या मारायला लागली.

हा घंटावाला पडद्यावर यायच्या चाळीसेक वर्षं आधी आमच्या घरी येऊन गेला होता. आम्ही तेव्हा शहराच्या जुन्या वस्तीत, गौलीगुड्यात राहायचो. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आबिड्सच्या फूटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथून त्यानं घंटावाल्याच्या कॉमिकचा अंक आणला, परदेशी, इंग्रजी, मुखपृष्ठाचा कोपरा उंदरानं खाल्लेला. बाबांच्या लेखी असली चित्रांची पुस्तकं म्हणजे पोरगं वाया गेल्याची खूण. एकदा सापडली तेव्हा दादानं पट्ट्याचा मार खाल्ला होता. त्यामुळे आमचं वाचन गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला चालायचं.

मी मराठी शाळेत तिसरीला, मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दादा चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांवरून बोट फिरवायचा आणि मराठीत सांगायचा. काळ्या झग्यातला तो माणूस कमरेला घंटा का बांधतो? तर त्याची धाकटी बहीण आंधळी आहे. घंटा ऐकली की तिला कळतं, भाऊ घरी आला. दादाही मग गल्लीच्या वळणावर सायकलची घंटी दोनदा वाजवायला लागला आणि मी दाराकडे धावायला लागले. शेवटचं पान मात्र अंकात नव्हतं. "पण तो तिला घरी घेऊन जातो," दादा म्हणायचा. "ते ठरलेलंच असतं."

आमचा दादा फाडफाड इंग्रजी वाचतो, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. दहावीला तो इंग्रजीत दोनदा राहिला, तेव्हाही मी पेपर तपासणाऱ्यालाच शिव्या दिल्या. पुढे त्यानं शाळा सोडली, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात लागला आणि मला मात्र कॉलेजात घातलं.

पडद्यावर ती मुलगी आली तशी मी सरसावून बसले. ती त्याची बहीण नव्हतीच. त्यानं तिला शत्रूपुढे आमिष म्हणून उभं केलं होतं. गिरणीला आग लागली, ती आत राहिली आणि घंटावाला झगा सावरत निघून गेला. पोरं टाळ्या पिटत होती. मी उभीच राहिले. "अरे, तिला ने ना!"

"आंटी, बैठो ना!" मागून कुणीतरी ओरडलं. लेकीनं माझा पदर खेचला.

बाहेर पडल्यावर ती तणतणत होती. "आई, कॉमिकमध्ये अगदी असंच आहे. फ्रेम टू फ्रेम."

"तुझ्या मामानं वेगळं वाचलं होतं."

"वेगळं कसं वाचेल? जे छापलंय तेच वाचणार ना!"

सरकत्या जिन्यावर माझा पाय चुकला. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे सरकवून "बघ गं, चष्मा घरी राहिला" म्हणणारा दादा आठवला. बँकेचं पत्र, औषधाची बाटली, लग्नाची इंग्रजी पत्रिका, दर वेळी चष्मा घरीच. इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही? मला स्वतःचाच राग आला. आणि लगेच मी बोटांवर दिवस मोजले. रविवार चार दिवसांवर होता.

रविवारी हायटेक सिटीकडच्या एका मोठ्या हॉलमध्ये कॉमिकवेड्यांची जत्रा भरायची होती. लेक आयोजकांत होती. गौलीगुड्यात राहून मूळ अंक वाचलेला मामा तिच्याकडे आहे, या गोष्टीची तिला कोण मिजास! स्टेजवर दादानं स्वतःच्या अंकातलं आवडतं पान इंग्रजीत वाचायचं, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. वर त्याला नवा चष्माही करून दिला होता. "मामा, आता बहाणा नाही चालणार!"

ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दूध दोनदा उतू गेलं. लेकीला सांगावं म्हणून चारदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, पण मामाला इंग्रजी येत नाही हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. शेवटी अंबरपेठला दादाकडे गेले. वहिनी त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. दादा खिडकीशी बसला होता, चष्मा डबीतच.

"नको वाटत असेल तर सांग," मी म्हणाले. "मी तिला बघते."

"कायकू? पोरीनं एवढ्या हौसेनं बोलावलंय. नक्को म्हटलं तर परेशान होईल ना ती." तो हसला, पण नजर रस्त्यावरच होती. वहिनीसमोर मला पुढे बोलवेना. चहा तसाच ठेवून मी निघाले.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. झगे, पुठ्ठ्याच्या तलवारी, हिरवे रंगवलेले चेहरे. आमच्या ऑफिसातले साहेब, ज्यांना मी हसताना कधी पाहिलं नाही, ते पाठीला पंख लावून बायकोबरोबर सेल्फी काढत होते. मला संतापच आला. ज्यापायी माझ्या भावानं पट्ट्याचा मार खाल्ला, त्यासाठी आता लोक सहकुटुंब, तिकीट काढून आले होते. दादा मात्र खूश होता. झगेवाली पोरं त्याच्या अंकाला बोट लावू का म्हणून विचारत होती.

त्याला स्टेजवर बोलावलं. लेक माईक धरून शेजारी उभी राहिली. त्यानं अंक उघडला, डबीतून चष्मा काढून लावला आणि पानाकडे बघत राहिला. हॉल शांत झाला. तो बघतच होता. त्याचं बोट पहिल्या फुग्यावर टेकलं होतं. मग त्यानं मान वर करून गर्दीत मला शोधलं.

मी खुर्चीवरून उठलेच होते. "दादा, मराठीत!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "गच्चीवर वाचायचास तसं वाच!"

लोक हसले. दादानं चष्मा काढून खिशात ठेवला. बोट फुग्यावरून सरकलं आणि तो वाचायला लागला, तोच आवाज, मधेच थांबायची तीच सवय. आंधळी बहीण. घंटा. भाऊ घरी आला.

लेकीला ते पान तोंडपाठ होतं. तिनं एकदा पानाकडे पाहिलं, मग मामाकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला आणि पुन्हा सावरला. मला वाटलं, आता ही त्याला टोकणार. तिनं माईक स्वतःकडे घेतला आणि इंग्रजीत सांगायला लागली. छापलेलं नव्हे. मामाचं. बहिणीला कळावं म्हणून तो घंटा बांधतो, असं तिनं शब्दाला शब्द लावून सांगितलं.

"ये तो स्टोरी में हैच नहीं," पुढच्या रांगेतला एक मुखवटा म्हणाला.

"आहे," मी म्हणाले. "तू नीट वाचलं नाहीस."

परत येताना लेक गाडी चालवत होती. दादा मागे माझ्याशेजारी बसला होता.

"मामा, चष्मा बरोबर आहे ना?" लेकीनं विचारलं.

"हौ. एकदम बरोबर."

मी त्याच्या मांडीवरचा अंक घेतला. चाळीस वर्षांनी तो माझ्या हातात आला होता. पानं उलटत शेवटाला आले तर मागचं एक पान जाड, कडक लागलं. नीट पाहिलं तेव्हा कळलं, ती दोन पानं होती, चारी कडांनी खळ लावून चिकटवलेली. खळीचे डाग पिवळे पडले होते.

"शेवटचं पान नाही म्हणाला होतास."

दादानं पिवळ्या डागावरून बोट फिरवलं.

"तुला वाचता येत नव्हतं ना? मग त्यात काय आहे ते तुला कसं कळलं?"

"गिरणी पेटली होती गं. ती आत होती आणि तो चालला होता," दादा म्हणाला. "त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"