काकांचं परमिट

नागपुरातल्या सर्वांत संशयी माणसाला बक्षीस द्यायचं ठरलं, तर ते आमच्या शेजारच्या काकांनाच मिळेल, आणि काका ते घ्यायला जाणार नाहीत; बोलावणं खरंच आयोजकांचं कशावरून? काकांनी आयुष्यभर कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केली. तिथे लेखी परमिट हातात आल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. निवृत्तीनंतर यंत्र उरलं एकच, मोबाइल, आणि त्यात कुठलंही ॲप घालायचं तर परमिट काकांचं. बरं, फोनसोबत आलेल्या ॲपच्या दुकानाबाहेरून आणलेल्या ॲपचं त्यांना वावडं आहे असंही नाही. उलट त्या दुकानावरही त्यांचा भरवसा बेताचाच. "दुकान मोठं हाय म्हणून भाजी ताजीच असते का गा?" असं मलाच विचारतात. फाइल कुठूनही येवो, तिच्यावर बनवणाऱ्याची सही जुळली पाहिजे. ही सही म्हणजे चौसष्ट अक्षरा-अंकांची मालगाडी. काका ती फोनमध्ये पाहून मोठ्याने वाचतात आणि मी बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या कागदावर एकेका डब्याला पेन्सिलीने खूण करतो. माझ्या कितीतरी रविवारच्या सकाळी अशा गेल्या. चिडतो मी, पण जातो.

मागच्या उन्हाळ्यात कन्हानच्या एका ओळखीच्यांकडून त्यांच्या मोबाइलवर लग्नपत्रिका आली. पाहतात तर ती ॲपची फाइल. काकांनी ती उघडली नाही. स्कूटर काढली आणि भर उन्हात कन्हान गाठलं. "पत्रिका तुम्हीच धाडली काय?" त्या घरात लग्नाचं कोणीच नव्हतं; यजमानांचा फोन मात्र कोणीतरी दुरूनच ताब्यात घेऊन त्यावरून ती फाइल धाडली होती. यजमान हादरले. काका तर्री-पोहे खाऊन परतले.

काकूंची नजर अधू आहे. बंगळुरूला असलेल्या मुलाने त्यांच्यासाठी एक ॲप बनवलं होतं. वेळ झाली की फोनमधून त्याचाच आवाज यायचा, "आई, बीपीची गोळी घे." काकू त्याला "घेतो रे बाप्पा" असं उत्तरही द्यायच्या. दिवाळीनंतर ते बंद पडलं. मुलाने नवी फाइल धाडली, तर फोन म्हणे सही जुनीशी जुळत नाही. मुलाने फोन करून सांगितलं, "लॅपटॉप खराब झाला बाबा. सही करायची जुनी किल्ली, म्हणजे ती गुप्त फाइल, त्यातच गेली. नवीन केली, म्हणून सही बदलली. जुनं काढून हे टाका, मीच बनवलं ना!"

"तू माझा पोरगा हायस, हे मले मंजूर. फाइल तुझी हाय हे कशावरून? आवाज तं आजकाल कोणाचाबी काढता येते."

"व्हिडिओवर दाखवतो."

"व्हिडिओबी बनवता येते. समोर बसून सही वाच."

मुलगा तीन वर्षांत घरी आला नव्हता. पंधरा दिवस गोळीची आठवण काकाच देत राहिले आणि काकू त्यांना उत्तर देईनात. मला राहवलं नाही. "काका, अति होऊन राहिलं हां."

"काहून? परमिट म्हणजे परमिट."

शेवटी मुलगा आला. जेवणं झाल्यावर बापलेक समोरासमोर बसले. त्याने नव्या लॅपटॉपवरून वाचलं, काकांनी फोनमध्ये पाहिलं, पेन्सिल मी धरली. चौसष्टच्या चौसष्ट जुळले. ॲप सुरू झालं, फोन बोलला, पण काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

दोन दिवसांनी निघताना मुलगा ऑटोत बॅग ठेवत म्हणाला, "बाबा, किल्ली आता तीन ठिकाणी जपून ठेवली. पुन्हा बदलणार नाही."

काका उगाच बॅगेचा पट्टा ओढून पाहत राहिले. मग काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बदलत जाय ना गा, सालातून एकदा."