दाखव

मी पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडल्या. ई, डब्ल्यू, ई. आणि हात मागं घेतला.

"दाखव," समोरची मुलगी म्हणाली.

सर हसले. "दाखव, दाखव. हे तर तुला झकास जमेल."

मी सहावीत होते. अंगावरचा गणवेश कुणाचातरी जुना, कमरेला पिनेनं आवळलेला. पाचगणीच्या त्या शाळेच्या हॉलला लाकडी जमीन होती आणि ती इतकी गुळगुळीत असायची की अनवाणी चालायला भीती वाटायची. त्या जमिनीवर मी गुडघे टेकले. मग हात टेकले. मान वर केली आणि ओरडले. मेंढीसारखी.

 मग हसण्याचा असा स्फोट झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या. पोरं टेबलं बडवायला लागली. सर मोबाईलवर शूटिंग घेत होते.

"अजून एकदा," सर म्हणाले.

मी अजून एकदा ओरडले.

तो आवाज अजून माझ्या घशात आहे. गिळता येत नाही, थुंकता येत नाही.

आम्ही धनगर. माणदेशातले. गावात घर आहे, थोडं कोरडवाहू रान आहे, पण बाप जन्मभर मेंढरांमागं. दिवाळी झाली की आमचा तळ हलायचा आणि फलटणकडं उसाच्या पट्ट्यात जायचा. तिथं शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. त्या रानांतून मी वाढले. जिल्हा परिषदेच्या शाळेत हुशार म्हणून नाव होतं. कुणीतरी सांगितलं, पाचगणीच्या मोठ्या शाळेत गरीब मुलींसाठी एक फुकट जागा असते. परीक्षा दिली. जागा मिळाली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावात पेढे वाटले.

त्या शाळेत एक वर्ड क्लब होता. पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून इंग्रजी शब्द जुळवायचे. श्रीमंतांच्या पोरांचा खेळ, पण मला तो लागलीच आवडला. बोलायची इंग्रजी मला येत नव्हती. शब्द मात्र पाठ करता यायचे, आणि पाठांतरात मी कुणाच्या बापाला ऐकत नव्हते. सर अक्षरं धरून छोटे शब्द शिकवायचे. एकदा क्यूचे, एकदा झेडचे. त्या आठवड्यात डब्ल्यू आणि ई एकत्र येणारे होते. ए, डब्ल्यू, ई म्हणजे दिपून जाणं. ओ, डब्ल्यू, ई म्हणजे देणं लागणं. डब्ल्यू, ओ, ई म्हणजे दुःख. एच, ई, डब्ल्यू म्हणजे कुऱ्हाडीनं तोडणं. ई, डब्ल्यू, ई म्हणजे मेंढी. खरं तर या खेळात अर्थाला काही किंमत नसते. गुण अक्षराला मिळतात. बाकीची पोरं अर्थ बघायचीसुद्धा नाहीत. मी बघायचे. मला वाटायचं, शब्द आपला झाला पाहिजे तर त्याच्या घरात काय आहे ते माहीत पाहिजे.

आमच्या क्लबात मात्र एक रिवाज होता. शब्द अनोळखी वाटला तर समोरच्यानं "दाखव" म्हणायचं. मग मांडणाऱ्यानं अर्थ सांगायचा. नाही सांगता आला तर सोंगट्या उचलायच्या.

मला अर्थ माहीत असायचे, पण मराठीत. इंग्रजीत सांगायला गेले की जीभ टाळूला चिकटायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सर म्हणाले, "असू दे. तू करून दाखव. तुला सवलत."

सवलत. हा शब्द मी तेव्हा लय गोड मानला होता.

पहिला शब्द उडी मारण्याचा होता. मी उडी मारली. सगळे खूश. मीही खूश. मग त्यांना चटक लागली. इतरांना कुणी "दाखव" म्हणेनासं झालं. मला दर वेळी. माझ्यापुढं सोंगट्याही तशाच यायला लागल्या. पिशवी सरांच्या हातात असायची. बी, ओ, डब्ल्यू. वाकणं. मी वाकले. एम, ओ, पी. जमीन पुसणं. मी पुसली. बी, ई, जी. भीक मागणं. मी हात पसरला, आणि एका पोरानं त्यात चॉकलेटचा रिकामा कागद ठेवला. त्यांचे शब्द त्यांच्या तोंडातून जायचे. माझे शब्द माझ्या अंगावरून जायचे.

आणि मग मेंढी.

सिनेमात लहान पोरं करतात तसा लटका आवाज मला काढता आला असता. पण मला लटका येतच नव्हता. मेंढी म्हटल्यावर माझ्या आतून काजळीच ओरडली.

काजळी आमची मेंढी. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, म्हणून काजळी. एकदा तळ हलताना तिचं कोकरू रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेलं. ट्रॅक्टर थांबला नाही. मेंढरं पुढं निघाली, काजळी निघेना. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती ओरडत होती, मान वर करून, एकाच सुरात, थांबून कानोसा घेत, पुन्हा ओरडत. आबा मागं फिरले आणि दिवस कलेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. मीही बसले होते, त्यांच्या घोंगडीत. तिची शेवटची हाक माझ्या कानात राहिली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ती त्या हॉलमध्ये माझ्याकडून काढून घेतली गेली आणि तिच्यावर टाळ्या पडल्या.

त्यानंतर माझं नाव गेलं, मी सगळ्यांची मेंढी झाले. जेवणाच्या हॉलमध्ये, मैदानावर, पाहुण्यांसमोर, "एकदा कर ना!" मी करायचे. केलं नाही तर काय होईल ते माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं. अंथरुणात पडल्यावर मला काजळी दिसायची. ती रस्त्याच्या कडेला उभी असायची आणि माझ्याकडं बघायची. ओरडायची नाही. तिचा आवाज तिच्याकडं उरलाच नव्हता.

मग पालकांचा दिवस आला. घाटातून गाड्यांची रांग लागली. आबा एसटीनं आले. धुतलेलं धोतर, लाल पटका, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि खांद्यावर एक कोरी घोंगडी. सरांसाठी. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, मुद्दाम विणून घेतलेली. सरांनी ती तिथंच खांद्यावर टाकली आणि फोटो काढून घेतला. आबांची छाती फुलून आली. मला बघवेना.

दुपारी क्लबचा खेळ होता, पालकांसमोर. हॉल भरलेला. आबा शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर. माझ्यापुढं ठरलेल्या सोंगट्या आल्या. मी काही बोलायच्या आतच सर माईकवर म्हणाले, "आज आपल्याकडं खरे एक्स्पर्ट आलेत! बाबा, या, वर या. मेंढरांना कसं बोलावता ते जरा दाखवा सगळ्यांना."

सरांच्या खांद्यावर अजून ती घोंगडी होती.

आबा उठले. पटका सारखा केला. आपला मान होतोय असंच त्यांना वाटलं होतं. लोक वाट देत होते, हसत होते, आणि आबा त्या हसण्याला हात जोडत पुढं येत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात हाळीचा एक नियम आहे. हाळी म्हणजे मेंढरांना घालायची हाक. प्रत्येक घराची वेगळी असते, ज्या घरची मेंढरं त्याच घरची हाळी ओळखतात. ती रिकामी घालायची नाही. हाळी घातली की मेंढरांना पाणी तरी दाखवायचं, नाहीतर पाला. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून घातली होती, तर आबांनी मला घोटभर पाणीही न पिऊ देता बारवेवर नेलं होतं आणि सगळा कळप पाणी पिऊन होईस्तोवर उभं केलं होतं. आयुष्यात तेवढीच शिक्षा त्यांनी मला केली.

ते माझ्याजवळ आले. माईक बघून बावचळले. हळूच म्हणाले, "पोरी, हितं मेंढरं कुटं हायत गं?"

"न्हाईत, आबा."

त्यांनी हॉलकडं बघितलं. सरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. "सायेब म्हनत्यात... तर घालू का? तुज्या शाळंचं काम हाय."

त्यांनी श्वास आत घेतला. हाळीसाठी त्यांची मान वर झाली. एवढ्यात पहिल्या रांगेतलं कुणीतरी आधीच खुदखुदलं. आणि माझ्या डोळ्यांपुढचं सगळं लख्ख झालं. आजवर माझ्याकडून घेतलं ते माझं होतं. हे माझं नव्हतं. हे आजोबांचं होतं, पणजोबांचं होतं, अजून न जन्मलेल्या कोकरांचं होतं. आणि ते माझ्या फुकट जागेच्या बदल्यात मागितलं जात होतं.

"आबा, नगा."

"अरे, गंमत आहे," सर म्हणाले.

मी माईकसमोर गेले. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये माझी जीभ टाळूला चिकटली नाही.

"नो," मी म्हणाले.

दोन अक्षरांचा शब्द. क्लबात त्याला फुटकळ गुण मिळतात. मी आबांचा हात धरला आणि आम्ही दोघं मधल्या वाटेनं, सगळ्यांसमोरून, बाहेर आलो.

पुढच्या वर्षी जागा दुसऱ्या मुलीला गेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत आबा पटका हातात घेऊन उभे होते. "सवलत घेणाऱ्यानं थोडं नम्र असावं," एवढंच मुख्याध्यापक म्हणाले. एसटी पसरणीचा घाट उतरत होती तेव्हा आबांनी विचारलं, "मी हाळी घातली असती, तर तुजी जागा ऱ्हायली असती का गं?"

"वळान आलं, आबा. दांडी धरा," मी म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी नंतर दर वर्षी विचारला. मी दहावी झाले तेव्हा. बारावीला कमी मार्क पडले तेव्हा. सांगलीला क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी लागली तेव्हासुद्धा. मी दर वेळी विषय बदलला.

सांगलीत माझ्या खोलीतली मैत्रीण रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर शब्दांचा खेळ खेळते. "डब्ल्यू आलाय, दोन ई आलेत, काय होईल गं?" असं सहज विचारते. "माहीत नाही," मी म्हणते, आणि उठून नळ सोडते. वर्गात फळ्यावर लिहिताना तीच अक्षरं शेजारी आली की खडू थांबतो. पोरांना वाटतं, मॅडम विसरल्या. मॅडम काही विसरलेल्या नसतात.

गेल्या महिन्यात त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मला शोधून त्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. क्लबचा मोठा मेळावा आहे म्हणे. आणि कुणीतरी ती जुनी क्लिप टाकली. खाली हसरे चेहरे. "या वेळी स्टेजवर लाइव्ह!"

मी ती दार लावून ऐकली. इतकी वर्षं मला माझाच आवाज ऐकू येत होता. क्लिपमध्ये तो बारीक आहे. मोठं आहे ते हसणं. एकेकाचं ओळखू येतं. आणि सगळ्यांच्या वर, फोनच्या अगदी जवळून, "अजून एकदा." मी घाबरून गुडघ्यावर रांगणारी ती पोर बघितली आणि मला पहिल्यांदा तिची लाज वाटली नाही. संताप आला. 

सुट्टीत गावी गेले. आबा मेंढरं घेऊन ओढ्याकडं होते. आता थकलेत, कळपही थोडाच उरलाय. मी त्यांच्याजवळ बसले आणि क्लिप लावली. त्यांना आता बारकं दिसत नाही. त्यांनी फोन कानाला लावला.

"ही तर काजळी," ते म्हणाले.

मी फोनचा आवाज वाढवला.

"तिचं कोकरू गेलं तवाचा आवाज हाय ह्यो." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन ही मागं कोन हाय?"

"माज्या शाळंतली पोरं. सर बी हायत."

"हसत्यात कशापायी?"

"ती मी हाय, आबा. मलाच हसत्यात." त्यांनी क्लिप पुरी ऐकली. मग फोन माझ्या हातात दिला आणि तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. या वेळी मी विषय बदलला नाही.

"ऱ्हायली असती, आबा. तुमी हाळी घातली असती तर जागा ऱ्हायली असती. म्हनूनच नगा म्हनले."

त्यांनी पटका सारखा केला. मग काठी घेऊन उठले आणि हाळी घातली. मेंढरं माना उचलून आली. आबा त्यांना घेऊन पाण्यावर गेले.

मी तिथंच बसून ग्रुपवर लिहिलं: "आवाज माझा आहे, हसणं तुमचं आहे. मी येतेय. मी काही करून दाखवणार नाही. ही क्लिप स्टेजवर लावा, मोठ्या आवाजात. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि शेजारी माझे वडील असतील. त्यांच्या तोंडाकडं बघत, पुन्हा एकदा हसून दाखवा."

अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही. मी जाणार आहे.