मामाची जीप देवराईपातूर

मला जीपचा आवाज तोंडानं काढता येतो. हेडमास्तरांचा येतो, रेड्याचा येतो, यष्टीच्या कंडक्टरचा तर घंटीसकट येतो. पन लोकं मागत्यात ती मामाचीच जीप.

मामा मिलिटरीत डायवर हुता. पेन्शनीत आला तवा लिलावातली जुनी जीप घिऊन आला, आन पाटनच्या अंगाला आमच्या गावातनं वर सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, वाडीला भाडं मारायला लागला. मिठाची पोती, माहेरवाशिनी, एकदा तर बोकड आन त्याला कापनारा, दोघं मांडीला मांडी लावून.

जीप जायची ती वाट जंगलखात्याच्या हद्दीतली. पन दुष्काळात आमच्याच गावानं खडी फोडून केलेली. आईच्या हातावर तवाचे घट्टे अजून हाईत. म्हनून आमी तिला रस्ता म्हनायचो आन जंगलखातं पायवाट.

निम्म्यात देवराई लागती. तिथं शेंदराच्या दगडापाशी सगळ्यांनी खाली उतरायचं, पायतान हातात घ्यायचं आन राई सरंपातूर अनवानी चालायचं. डायवरला कसं उतरता येनार? म्हनून मामा दगडापाशी बूट काढून शेजारच्या सीटवर ठेवायचा आन अनवानी पायानं क्लच दाबायचा. राई सरली की गाडी उभी करून बूट परत पायात, नाड्या बांधून.

"देव एक वेळ मोकळ्या नाडीला माफ करंल," म्हनायचा, "सुभेदार न्हाई करायचा."

मग सांगलीकडनं शिकारीवाल्यांच्या जिपा याय लागल्या. आमच्याच वाटंनं वर जायच्या आन सड्यावर सशामागं कुटंबी पळायच्या. सड्याच्या गवतात चाकांच्या चाऱ्या पडल्या, त्यात पानी साठलं. मग पावसाळ्यात एक दिस जंगलखात्यानं पायथ्याला दोन खांब रोवले आन मदी साखळी टाकली. कुलूप तेवढं बाकी हुतं. ते लावायला सायेब स्वता आला, संगं एक गार्ड. धुकं असं हुतं की सायेबाची टोपी आदी दिसली, सायेब मागनं.

"ही पायवाट आहे. पायवाटेवर गाडी चालणार नाही," सायेब म्हनला.

"जिच्यावनं गाडी जाती ती पायवाट कशी, सायेब?" मामा म्हनला.

"पावसात जाते?"

"जाती की."

सायबाला वाटलं असंल, हा मागं सरंल. "मग दाखवा. माझ्यासमोर वर जा आणि वाडीतला एक माणूस बसवून खाली या. आलात, तर रस्ता आहे असं मी वर कळवतो. नाही आलात, तर कुलूप."

मामानं साखळी काढली. मी त्याच्या कानाला लागलो. आदल्या दिशी म्हशीमागं गेलतो तवा राईतल्या वाटंच्या खालनं, दगडांच्या फटीतनं, पानी येताना बगितलं हुतं. एरवी नितळ यायचं. कालचं लाल हुतं, वाटंच्या पोटातली माती घिऊन चाललेलं.

"बगितलंय मी," मामा म्हनला.

"मग मी बी येतो संगं."

"नगं. वजन नगं."

चौदा मानसं आन वर टपावर कोंबड्या बसवनारा मामा त्या दिशी माझ्या वजनाला भ्याला.

जीप धुक्यात शिरली आन दिसायची बंद झाली. उरला नुसता आवाज. गाव साखळीपाशी उभं, सायेब दगडावर बसलेला.

"कुटं आली रं?" कुनीतरी इचारलं.

"आंब्याच्या वळनाला. आता दुसरा गेर टाकंल." वर दुसरा पडला. लोकं हसली. "आता फोरव्हीलचा दांडा वडंल." तसंच झालं. मग मी वरच्या आवाजाबरूबर तोंडानं जीप काढाय लागलो. वर ती घुरघुरली की खाली मी घुरघुरायचो. गार्ड हसला, सायबाच्या बी मिशा हालल्या.

वर आवाज बारीक झाला. गाडी जाग्यावर उभी.

"बूट काढतोय," मी म्हनलो. बायकांनी तिकडं हात जोडलं.

परत आवाज चढला. राईत शिरला. मी बी शिरलो, गाल फुगवून, डोळं मिटून, लोकं हसत्यात म्हनून आनखी जोरात. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं माझ्या तोंडावर हात दाबला.

"गप रं जरा."

मी गप झालो. वर बी काय न्हवतं. किती येळ मी एकटाच वाजत हुतो, कुनास ठावं.

मग लांब खाली, ओढ्याच्या अंगाला, दगडं घरंगळल्यागत झालं. थांबलं. परत झालं. मग कायबी न्हाई.

आमी वर पळालो, सायेब बी. आंब्याच्या वळनाला धुक्यातनं आदी दोन पाय दिसले. मग मामा. कोपर सोललेलं, सदरा फाटलेला. पन सगळ्यांची नजर पायावर. पाय अनवानी हुते. बूट कुटं हाईत, कुनी इचारलं न्हाई.

"चाक खाली टेकलंच न्हाई," मामा म्हनला. "मी उडी मारली."

"फार लागलं का?" सायेब म्हनला. मामा तसाच खाली साखळीपातूर आला. गार्डच्या हातात कुलूप हुतं, पन त्याचा हात म्होरं हुईना. मामानं ते घेतलं, साखळी खांबाला आनली आन सोताच्या हातानं दाबलं.

वाडीची लोकं आता मीठ डोक्यावनं नेत्यात. शिकारीवाले बी फिरकत न्हाईत. जीप ओढ्यात हाय, तिच्यात येल वाढलेत. बूट तिच्यातच.

सांजचं मामा अंगनात बाजेवर बसतो आन म्हनतो, "काढ रं."

मी काढतो. आंब्याचं वळन, दुसरा गेर, फोरव्हील. दगडापाशी आवाज बारीक करतो. मामा चपलांतनं पाय काढतो आन डावा पाय भुईवर दाबून धरतो. म्होरं जा म्हनत न्हाई, बास बी म्हनत न्हाई. मी आपला वाजवतच ऱ्हातो. माझा दम सरंपातूर जीप तितंच उभी असती.