चार्जिंगच्या भोकातली बाजरी

वहिनीच्या मोबाईलचं पाण्याने काही बिघडवलं नव्हतं. जे बिघडवलं, ते मी.

त्या दिवशी आमच्या तलवाड्यात आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. वहिनीने ड्रम भरता भरता मोबाईल काठावर ठेवला आणि तो खालच्या बादलीत पडला. तिने लगेच बाहेर काढून पुसला. फोन चालू होता. फक्त चार्जरची पिन लावली की पडद्यावर पाण्याचा थेंब दिसायचा आणि चार्जिंग होत नसे. बॅटरी उरली होती चौदा टक्के.

एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. पण पुतणीला, सोनालीला, बघून गेलेली गेवराईची मंडळी त्याच दिवशी पाच वाजता होकार-नकार कळवणार होती, आणि तोही वहिनीच्याच नंबरवर. दादा कोर्टाच्या तारखेला बीडला गेलेला. म्हणजे घरात कर्तबगार पुरुष मी एकटाच. (कॉलेजात असताना मी एक टेपरेकॉर्डर उघडून पुन्हा बंद केला होता. तेव्हापासून विजेच्या वस्तूंबाबत घरात माझा शब्द अंतिम असतो. तो टेप पुन्हा वाजला का, हे कुणी विचारलेलं नाही.)

"भाऊजी, पंख्याखाली ठिऊ का नुसता?" वहिनीने विचारलं.

मी हसलो. पंख्याने वाळतात ते कपडे, हा मोबाईल आहे, असं तिला समजावून सांगितलं आणि भोकात जोरात फुंकर मारली. पाणी बाहेर येण्याऐवजी आत गेलं. वर माझी थुंकीही गेली, पण ती गोष्ट मी जाहीर केली नाही.

मग मला आठवलं की ओला मोबाईल तांदळात ठेवतात. तांदूळ संपला होता. धान्य ते धान्य, असा विचार करून मी मोबाईल बाजरीच्या डब्यात खुपसला आणि तासभर कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. सोनाली काहीतरी सांगायला आली होती. तिलाही बोटाने गप्प केलं.

तासाने फोन काढला, तर चार्जिंगच्या भोकात बाजरीचा एक दाणा नेमका बसला होता. मोजमाप घेऊन बनवला असता तर इतका बसला नसता! शिवाय आतलं पाणी पिऊन तो चांगला फुगला होता. (दोन दिवस दिले असते तर कोंबही आला असता.) बाजरी पाणी ओढते, हा माझा सिद्धांत खरा ठरल्याचं मी वहिनीच्या लक्षात आणून दिलं. तिने फक्त घड्याळाकडे पाहिलं.

दाणा काढायला मी सोनालीच्या केसातली पिन घेतली. दाणा फुटला. अर्धा आणखी आत गेला आणि उरलेल्या अर्ध्याचं पीठ झालं. पीठ ओलं होतं, म्हणून ते वाळवायला तिचंच केस वाळवायचं मशीन लावलं. पिठाची भाकरी झाली, मोबाईलचं मागचं झाकण एका कडेने उचकटलं, आणि पाचला दहा मिनिटं असताना मोबाईल बंद पडला.

वहिनी मटकन खाली बसली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

"काका," सोनाली हळूच म्हणाली, "सिमकार्ड काढून माझ्या फोनात टाकू का?"

"हे आधी काहून सांगितलं न्हाई?"

"तवा तुमी गप बस म्हणले."

तिने कार्ड बदललं. बरोबर पाचला फोन वाजला नाही. सव्वापाचलाही नाही. त्या अर्ध्या तासात मी देवाला काय काय कबूल केलं, ते इथे सांगत नाही. साडेपाचला वाजला. मुलाच्या वडिलांनी पाचच्या जरा आधीच दोनदा लावून पाहिला होता, लागेना म्हणून तुमचाच विचार बदलला की काय, असं त्यांना वाटलं होतं. मुलगी सगळ्यांना पसंत होती. वहिनीने पदराने डोळे पुसले. मीही पुसले, पण माझ्या डोळ्यांत पीठ उडालं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन गेवराईला मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंग लावून आत पाहिलं, चिमट्याने बाजरीचे तुकडे एकेक करून कागदावर मांडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. म्हणाला, पाण्याचं काही नव्हतं. भोक खाली करून हळूच झटकायचं आणि वाऱ्यावर ठेवून द्यायचं, आपोआप वाळतं. मग त्याने विचारलं, हे कुणी केलं?

मी म्हणालो, "घरात एक म्हातारं माणूस हाय. त्याला कळत न्हाई."

"म्हाताऱ्या माणसाच्या हातात फोन देत जाऊ नका, वहिनी," तो कळवळून म्हणाला.

"आमी सांगून थकलो," वहिनी शांतपणे म्हणाली. "आता तुमीच सांगा त्यान्ला. समोरच उभे हायेत."