खुर्चीतले साहेब

पनवेलच्या सरकारी बंगल्यावर मी ओव्हरसियर म्हणून राहत होतो. स्वातंत्र्याला वीसेक वर्षं होत आली होती, पण आमच्या खानसाम्याला ते कुणी अधिकृतपणे कळवलं नसावं. भर दुपारी, खाडीचा वारा पडला की तो टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीपुढे सूप ठेवी, हात बांधून उभा राही आणि थोड्या वेळाने भरलेली बशी उचलून नेई. मध्येच वाकून "जी हुजूर" म्हणे. आधी मला हसू येई. पुढे मी त्या खुर्चीकडे पाठ करून बसणं सोडलं.

एकदा गोव्याकडे निघालेला तरुण इंग्रज आला. केस खांद्यापर्यंत, पाय अनवाणी, गळ्यात रुद्राक्ष. अंगात ताप होता. एका रात्रीचा आसरा हवा होता.

"हे विलायतेचे आहेत," मी खानसाम्याला सांगितलं.

"हा? मस्करी नका करू, ओव्हरसियरसाब. विलायतेत काय चपला मिलत नाय?"

मी त्याचा अर्थ सांगताच तरुण हसला. "ती जुनी विलायत आता राहिली नाही, सांगा त्यांना," तो मला इंग्रजीत म्हणाला. मी सांगितलं.

खानसामा आत गेला. खुर्चीशी वाकून त्याने काहीतरी विचारलं, कान देऊन ऐकलं आणि परत आला.

"साब बोलतात, आमी वळखत नाय."

तेही तरुणाने माझ्याकडून समजून घेतलं. खोली देणं माझ्या हातात होतं. मी खानसाम्याला दटावणारच होतो. पण तरुणाचं हसू मावळलं होतं. त्याने केस कानांमागे सारले, पिशवी उचलली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात मला विचारलं,

"फार रागावलेत का?"